ब्रेबर्न स्टेडियम
ब्रेबर्न स्टेडियम : मुंबईतील एक प्रसिद्ध क्रीडागार. दक्षिण मुंबईत चर्चगेट स्थानकाजवळ दिनशा वाच्छा मार्गावर ते वसले असून क्रिकेट क्लब ऑफ इंडिया ह्या संस्थेच्या मालकीचे आहे. मुख्यतः क्रिकेटसाठी बांधलेल्या ह्या क्रीडागाराच्या आवारात टेनिस, पोहणे, बॅडमिंटन, बिल्यर्ड्‌झ इ. खेळांचीही सोय आहे. मालकी एका क्लबाकडे व प्रेक्षक मात्र सर्व शहराचे, ह्या परिस्थितीतून आसनांच्या वाटणीचा प्रश्न निर्माण झाला आणि त्याने ह्या क्रीडागाराच्या इतिहासाला दोनदा निर्णायक वळण दिले.

क्रिकेट क्लब ऑफ इंडिया १९३३ मध्ये स्थापन झाला. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे पहिले अध्यक्ष ग्रँट गोवन व पहिले कार्यवाह अँथनी डीमेलो ह्यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. त्या काळी मुंबईतील मोठे सामने बाँबे जिमखान्याच्या मैदानावर, तात्पुरते मांडव व बाके उभारून होत. भारतातील पहिला कसोटी सामनाही तेथेच डिसेंबर १९३३ मध्ये झाला. पक्क्या क्रीडागाराची निकड ओळखून डीमेलो ह्यांनी मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड ब्रेबर्न ह्यांचे मन वळविले. समुद्रात भराव घालून तयार केलेल्या बॅक बे भागातील सु. ९०,००० चौ. यार्ड जमीन दर चौ. यार्डास १३ रु. ८ आणे ह्या दराने क्लबास मिळाली. २२ मे १९३६ रोजी कोनशिला बसविण्यात आली. आराखडा ग्रेगसन, बॅटली अँड किंग ह्या वास्तुशिल्पज्ञांच्या संस्थेचा असून बांधकाम शापूरजी पालनजी ह्या कंपनीने केले. ७ डिसेंबर १९३७ रोजी नवे गव्हर्नर सर रॉजर लम्ली ह्यांच्या हस्ते उद्‌घाटन झाले. उद्‌घाटनाच्या निमित्ताने क्लबाचा संघ व लॉर्ड टेनिसन ह्यांचा पाहुणा इंग्लिश संघ ह्यांच्यात सामना झाला.

आसनांचा पहिला वाद उद्‌घाटनाच्या वर्षीच उद्‌भवला. यूरोपीय, पारशी, हिंदू व मुसलमान ह्यांच्या चौरंगी सामन्यांत १९३७ मध्ये ‘इतर’ हा पाचवा संघ आला व ते सामने नव्या क्रीडागारात हलविण्यात आले. तथापि आपल्या वाट्याला आलेली आसने अपुरी असल्याच्या कारणावरून हिंदू संघाने त्या वर्षी माघार घेतली. पंचरंगी सामन्यांना पुढे प्रचंड गर्दी लोटू लागली. जातीय तत्त्वावरील संघरचनेस मात्र विरोध वाढत गेला. १९४० मध्ये महात्मा गांधींनीही तीविरुद्ध मत दिले आणि १९४६ मध्ये हे सामने कायमचे बंद झाले. ह्याच सामन्यांत डिसेंबर १९४३ मध्ये विजय मर्चंट ह्यांनी हिंदू संघाकडून नाबाद २५० धावा केल्या, तर ‘इतर’ संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या विजय हजारे ह्यांनी काढल्या. त्याच मोसमात मर्चंट ह्यांनी रणजी करंडक सामन्यात महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ धावा केल्या.

येथील पहिला कसोटी सामना डिसेंबर १९४८ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध झाला. त्याच मालिकेतील अखेरच्या सामन्यात, फेब्रुवारी १९४९ मध्ये, विजयासाठी ३६१ धावा हव्या असताना भारताने ८ बाद ३५५ पर्यंत मजल मारली व वेळ संपल्याने सामना अनिर्णित राहिला. हजारे ह्यांनी त्यात १२२ धावा केल्या. नोव्हेंबर १९६९ मधील ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्यात पंचांच्या एका निर्णयावरून प्रेक्षकांनी जाळपोळ केली. १९४८ ते १९७३ ह्या काळात येथे एकूण १७ कसोटी सामने झाले.

आसनांचा दुसरा वाद क्लब आणि मुंबई क्रिकेट संघटना ह्यांच्यात झाला. सामने भरविण्याचा अधिकार संघटनेचा, पण मैदान व बहुसंख्य आसने क्लबाची, अशी स्थिती होती. संघटनेची जादा आसनांची मागणी क्लबाने मान्य केली नाही. तेव्हा संघटनेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे ह्यांनी हाकेच्या अंतरावर दुसरे क्रीडागार उभारण्याचे ठरविले. वास्तुशिल्पज्ञ शशी प्रभू ह्यांच्या आराखड्यानुसार ते सु. तेरा महिन्यांत बांधून झाले व जानेवारी १९७५ मध्ये तेथे पहिला कसोटी सामना झाला. त्यानंतर ब्रेबर्नवर पाहुण्या संघांचे सराव सामने व स्थानिक स्पर्धा एवढेच क्रिकेट प्रायः उरले.

पुढील काळात ह्या वास्तूचा उपयोग विविध प्रकारे होऊ लागला. २००६ व २००७ मध्ये पुरुषांची आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा येथे झाली. २००३ मध्ये ‘रोलिंग स्टोन्स’ ह्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम येथे झाला. चँपियन्स करंडकाचा अंतिम सामना (२००६) आणि महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना (२०१३) येथेच खेळला गेला. वानखेडे क्रीडागाराची पुनर्रचना चालू असल्याने डिसेंबर २००९ मध्ये श्रीलंकेविरुद्धचा कसोटी सामना ब्रेबर्नवर झाला. वीरेंद्र सेहवागच्या २९३ धावांच्या बळावर भारताने तो एक डाव व २४ धावांनी जिंकून कसोटी क्रमवारीत प्रथमच अग्रस्थान मिळविले. ३६ वर्षांच्या खंडानंतरचा हा येथील अठरावा कसोटी सामना होय.

मैदानाला लागून क्लबाची इमारत असून तीत सभासदांसाठी निवासाच्या खोल्या, भोजनगृहे व सज्जे आहेत. पोहण्याचा तलाव व टेनिसची मैदाने ह्याच आवारात आहेत. प्रेक्षकक्षमता सु. २०,००० आहे.

मुंबईतील क्रिकेटची जुनी मैदाने चर्चगेटच्या परिसरात एकवटली असल्यामुळे दूरच्या खेळाडूंना पश्चिम रेल्वेचा लांबचा प्रवास चुकला नाही. पालघर येथे जन्मलेला व बोईसरच्या तारापूर विद्यामंदिराकडून शालेय क्रिकेट खेळलेला शार्दूल ठाकूर हा ह्याचे उदाहरण होय. भारतीय संघात आल्यानंतर २०२२ मध्ये तो दिल्लीच्या संघाकडून ब्रेबर्नवर खेळला. भव्य क्रीडागार बांधणे हे नियोजन व द्रव्यबळ ह्यांचे काम आहे. त्यात कोणाला बसता यावे व कोणाला खेळता यावे, हा प्रश्न मात्र बांधकाम पूर्ण झाल्यावरच सुरू होतो, हे ब्रेबर्न स्टेडियमच्या इतिहासावरून स्पष्ट होते.