दोन राजूर आणि विहिरीची नोंद

राजूर म्हटलं की आम्हा जालनेकरांना गणपती आठवतो. यवतमाळकडच्या माणसाला मात्र वणीजवळची राजूर कॉलरी आठवते. आपल्याकडे जमिनीखाली काळा पाषाण, त्यांच्याकडे कोळसा. पण १९७२ च्या दुष्काळानं लावलेली एक सवय त्यांच्या जास्त कामाची आहे.

त्याच साली राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा उभी राहिली. ठरलेल्या निरीक्षण विहिरी, अन् जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर अशी वर्षातून चारदा पातळीची मोजणी. कंटाळवाणं काम, पण वाद मिटवायला तेच लागतं.

कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण १९७३ चं. पर्यावरण मंजुरीची कायदेशीर सक्ती आली १९९४ ला. म्हणजे मधली वीसेक वर्षं ‘आधी पाणी मोजा’ ही सक्तीच नव्हती!

उघडी खाण भूजलाच्या खाली गेली की पाणी खड्ड्यात झिरपतं. ते उपसावं लागतं, मग शेजारच्या विहिरी उतरतात. शेतकरी म्हणणार खाणीनं पाणी नेलं, खाणवाले म्हणणार पाऊसच कमी झाला. निकाल कसा लावणार? खोदाईआधीच चारही बाजूंच्या विहिरी मोजायच्या, शिवाय परिणाम पोचणार नाही अशी एक लांबची. लांबची जागेवर राहिली अन् जवळची उतरली, तर दोष पावसाचा नाही.

आज प्रस्तावित खाणीच्या अहवालात बहुधा एकाच हंगामाची मोजणी असते, तीही पावसाळा सोडून. जनसुनावणीआधी मराठी सारांश मिळतो. त्यात आपल्या गावची विहीर कोणत्या महिन्यात मोजली, तेवढं बघा.