चंडीगडचे एक अध्यापक : मनमोहनसिंग

चंडीगड म्हटले की ल कार्बुझियेची आखीव नगररचना डोळ्यांसमोर उभी राहते. याच नगरीच्या विद्यापीठात 1960 च्या आसपास एक मितभाषी तरुण अर्थशास्त्र शिकवीत असे. पुढे 2004 ते 2014 पर्यंत भारताचे पंतप्रधान राहिलेले आणि 26 डिसेंबर 2024 रोजी निवर्तलेले मनमोहनसिंग ते हेच.

त्यांचा जन्म 1932 चा, आज पाकिस्तानात असलेल्या गाह या खेड्यातला. फाळणीत त्यांचे घर गेले. पंजाब विद्यापीठालाही लाहोर सोडावे लागले. जणू एका निर्वासिताने दुसऱ्याला आश्रय दिला! केंब्रिजहून परतल्यावर 1957 साली ते त्या विद्यापीठात अध्यापक झाले, 1963 साली प्राध्यापक.

याच काळात ऑक्सफर्डसाठी त्यांनी भारताच्या निर्यातीवर प्रबंध लिहिला. 1964 साली त्याचे पुस्तक झाले. ताग, चहा, कापड यांना जगात मागणीच उरली नाही, आपला काय इलाज, असे तेव्हा पुष्कळ जाणते लोक म्हणत. या तरुणाने आकडे तपासून दाखविले की, दोष बराचसा आपल्याच धोरणांचा आहे. पुस्तकाची वाखाणणी झाली. सरकारी धोरण मात्र फारसे हलले नाही.

पुढे ते दिल्लीत आर्थिक सल्लागार झाले, 1982 साली मुंबईत रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर. चिंतामणराव देशमुखांप्रमाणे तेही त्या आसनावरून कालांतराने अर्थमंत्रिपदी गेले. पण कोणत्या घडीला! 1991 साली परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते उरले होते. जुलैत सुमारे 47 टन सोने तारणासाठी देशाबाहेर धाडावे लागले. त्याच महिन्यात रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले आणि 24 तारखेच्या अंदाजपत्रकाने निर्यातीची वाट मोकळी करू पाहिली. सत्तावीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकाला संकटाने वाचक मिळवून दिला, असेच मला वाटते. श्रेयाचा मोठा वाटा पंतप्रधान नरसिंह रावांचा. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ तेलुगूत नेणारे ते हेच.

व्यापार वाढला, कारखानदारी पसरली. कोरडवाहू शेतकऱ्याच्या अंगणात काय आले, हा प्रश्न मात्र विदर्भाने उभा केला. 2006 साली पंतप्रधान मनमोहनसिंग स्वतः तेथे गेले, आत्महत्या केलेल्यांच्या विधवांना भेटले आणि सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांची योजना त्यांनी जाहीर केली. आत्महत्या त्यानंतरही होतच राहिल्या.