दुहेरी ठशाची नाणी

सातपुड्याच्या पायथ्याशी, नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा व धडगाव या भागांत, भिल्ल आणि पावरा स्त्रियांच्या गळ्यांत रुपयांच्या माळा आजही दृष्टीस पडतात. काठीच्या होळीला तर त्यांचा थाट काही औरच असतो. अशा माळेतील एखाद्या जुन्या राणीछाप रुपयावर अक्षर दुहेरी उमटल्यासारखे दिसले, की 'टाकसाळीची चूक' म्हणून त्यास भलतेच मोल सांगणारा कोणी ना कोणी भेटतोच. तेवढ्यावर विसंबून एखाद्या घराने पिढीजात माळ मोडावी, हे आम्हांस मान्य नाही. चूक खरी कोणती, हे आधी पारखले पाहिजे.

यंत्राच्या टाकसाळीत प्रथम उठावाचा मूळ ठसा करतात. तो पोलादावर दाबला, की नाणे पाडण्याचा खोलगट ठसा तयार होतो. पूर्वी एका दाबाने आकृती पुरती उतरत नसे. म्हणून पोलाद तापवून मऊ करीत व पुन्हा दाबीत. दुसऱ्या वेळी मूळ ठसा केसभर जरी फिरला, तरी ठशातच दोन आकृत्या बसत. १९५५ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या टाकसाळीतून अशा ठशाची वीसेक हजार सेंट नाणी बाहेर पडली. त्यांवरील साल व अक्षरे साध्या डोळ्यांनाही दोनदोन दिसतात.

अशा नाण्याची खूण अशी की, दोन्ही आकृत्यांना सारखाच गोलसर उठाव असतो, अक्षरांच्या टोकांशी खाच दिसते, आणि त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर हा दोष त्याच जागी, त्याच मापाने आढळतो. ठसा सैल असून दाबाच्या क्षणी हलला, तर अक्षराच्या कडेस सपाट पायरी पडते व मूळ अक्षरच अरुंद होते. बाजारात 'दुहेरी' म्हणून मिरवणारी बहुतेक नाणी या दुसऱ्या जातीची असतात. त्यांचे अप्रूप मानण्याचे कारण नाही.

आता आपल्या शिवराईकडे वळू. तिच्या एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशी अक्षरे असतात. ठसे हाताने कोरलेले, चकती ठशाहून पुष्कळदा लहान, आणि छाप घणाच्या घावाने उठवलेली. येथे मूळ उठावाचा ठसाच नाही. तेव्हा शिवराईवरील दुहेरी अक्षरास दुहेरी ठसा म्हणणे हे मुळातच चूक होय. ती दुसऱ्या घावाची करामत, आणि ती नाण्यागणिक निराळी असते. 'शिव'च्या ठिकाणी 'शीव', 'सिव', 'सीव' असेही आढळते; तो कोरणाऱ्याच्या हाताचा व कानाचा प्रकार. उलट दुदांडी शिवराईवर अक्षरांच्या दोन ओळींमध्ये ज्या दोन आडव्या रेघा दिसतात, त्या मुद्दाम कोरलेल्या आहेत! त्यांस दोष समजणारा अभ्यासक नाण्यांची एक सबंध जातच गमावून बसेल. शिवराई शिवछत्रपतींच्या पश्चातही दीर्घकाळ पाडली जात होती; तिचा काळ ठरविण्यास असल्या बारकाव्यांवाचून दुसरा आधार फारसा नाही.

माळांतील राणीछाप रुपयांत आम्हांस दुहेरी अक्षरापेक्षा निराळीच गोष्ट अधिक मोलाची वाटते. १८६२ चे साल घातलेले रुपये त्यापुढेही दहाअकरा वर्षे त्याच सालाने पाडले गेले, आणि मुंबईच्या टाकसाळीने सालाच्या खाली व आसपास ठिपके घालून प्रत्यक्ष वर्ष सुचविले, असे नाणकशास्त्रज्ञ मानतात. ठिपके मोजले, की रुपयाचे खरे वय हाती येते. मात्र माळेतला रुपया वर्षानुवर्षे अंगावर घासला जातो. त्यामुळे ठिपके मोजताना तिरप्या उजेडात धरून, भिंगातून पाहावे लागते.