चाकापाशी मोजलेली अश्वशक्ती

१९९९ साली फोर्डने मस्टँग एसव्हीटी कोब्रा अमेरिकेत विकायला काढली, तेव्हा कंपनीने जाहीर केलेला आकडा होता ३२० अश्वशक्ती. आदल्या वर्षीच्या कोब्राची होती ३०५. इंजिन तेच ४.६ लिटरचं, ३२ व्हॉल्व्हचं व्ही-८. वाढलेल्या पंधरा घोड्यांचे पैसे मोजून लोकांनी गाड्या घेतल्या, आणि त्यातले काही जण त्या घेऊन गावातल्या डायनोवाल्याकडे गेले. तिथे नवी गाडी जुनीपेक्षा सरस निघेना.

कंपनीचा आकडा ग्राहकाने तपासावा, ही गोष्ट त्याआधी फारशी शक्यच नव्हती. मोजण्याची युक्ती तशी जुनी आहे. १८२१ साली फ्रान्समध्ये गास्पार द प्रोनीने फिरत्या दांड्याला लाकडी ठोकळे आवळले, त्यांना लांब दांडी जोडली आणि ती वळू नये म्हणून किती वजन लागतं ते पाहिलं. पुढे विल्यम फ्रूडने लाकडाऐवजी पाण्याचा रोध वापरला. पण दोन्हींत मोजमाप इंजिनाच्या तोंडाशी, आणि मोटारीच्या बाबतीत इंजिन कारखान्याच्या टेबलावर. तिथे काय जोडायचं, काय काढून ठेवायचं हे कारखानाच ठरवणार. अमेरिकन कंपन्या १९७१पर्यंत सर्रास ‘ग्रॉस’ आकडा छापत: इंजिनावर नेहमीचा एअर फिल्टर नाही, गाडीतला सायलेन्सर नाही. १९७२च्या मॉडेलांपासून ‘नेट’ आकडे आले आणि त्याच इंजिनांची अश्वशक्ती कागदावर धाडकन उतरली. (सॉफ्टवेअरमधले बेंचमार्क पाहिलेल्या कुणालाही याचं नवल वाटू नये.)

चासी डायनोने मोजण्याची जागा बदलली. गाडी रोलरवर चढवायची, पट्ट्यांनी बांधायची आणि पूर्ण अॅक्सिलरेटर दाबायचा. जड ड्रमचं जडत्व माहीत असतं. तो किती झपाट्याने वेग घेतो यावरून चाकापाशी पोचलेली शक्ती निघते. इंजिन उतरवावं लागत नाही, कंपनीची परवानगी लागत नाही.

आता इंजिन आणि चाक यांच्यामध्ये गिअरबॉक्स असतो, डिफरन्शियल असतो, आणि प्रत्येक जण आपला हिस्सा उष्णतेच्या रूपात कापून घेतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या मॅन्युअल गाडीत हा हिस्सा १५ टक्के धरायची गॅरेजवाल्यांची पद्धत. मला ती ढोबळच वाटते, कारण इंजिनाची ताकद दुप्पट केली म्हणून गिअरबॉक्सचं घर्षण दुप्पट होत नाही. चाचणी शक्यतो १:१ गिअरमध्ये घेतात, कारण कोब्रासारख्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये त्या वेळी आत येणारा आणि बाहेर जाणारा दांडा थेट जोडलेले असतात. पण कोब्रावाल्यांना या टक्केवारीच्या वादात पडायची गरज नव्हती. १९९८ची गाडी आणि १९९९ची गाडी, दोन्हींत टी-४५ गिअरबॉक्स. त्याच रोलरवर दोन्ही चढवा, फरक पाहा. त्यांचा पुरावा भक्कम ठरला तो या तुलनेमुळे.

ऑगस्ट १९९९मध्ये फोर्डने विक्री थांबवली आणि विकलेल्या गाड्या परत बोलावल्या. इनटेक मॅनिफोल्डच्या आत ओतकामाचे अवशेष राहिले होते, त्यामुळे हवा अडत होती. एक्झॉस्टही कोंडत होता. मॅनिफोल्ड बदलला, इंजिनाचा कॉम्प्युटर बदलला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा सगळा एक्झॉस्ट बदलला. २००० साली नेहमीची कोब्रा आलीच नाही. आली ती फक्त ३०० नगांची कोब्रा आर.

२००३च्या कोब्रामध्ये फोर्डने सुपरचार्जर बसवला. एवढा टॉर्क जुन्या धाटणीच्या पाच गिअरच्या बॉक्सला झेपणारा नव्हता, म्हणून सहा गिअरचा टी-५६ आला. दणकट गिअरबॉक्सने अश्वशक्ती वाढत नाही. उलट फिरवायचं वजन वाढलं तर डायनोवर आकडा किंचित उतरतो. कंपनीने या वेळी जाहीर केले ३९०. १५ टक्क्यांच्या हिशेबाने चाकापाशी साधारण ३३२ यायला हवे होते. लोकांच्या डायनोवर गाड्या ३६०च्या आसपास जात होत्या. फोर्डने हातचं राखून आकडा दिला, असाच सगळ्यांनी अर्थ काढला. तक्रार अर्थातच कुणी केली नाही, पण नवी कोब्रा रोलरवर चढवून बघायचं मात्र कुणी सोडलं नाही.