शेतीपीक नुकसान मदत (महाराष्ट्र)

शेतीपीक नुकसान मदत म्हणजे अतिवृष्टी, पूर, गारपीट, चक्रीवादळ, दुष्काळ अशा नैसर्गिक आपत्तींत पिकांची हानी झाल्यास महाराष्ट्र शासनाकडून शेतकऱ्यास मिळणारे अर्थसाहाय्य. लोकव्यवहारात तिला ‘नुकसानभरपाई’ म्हणतात. शासकीय परिभाषेत मात्र ती ‘निविष्ठा अनुदान’ होय. पुढील हंगामासाठी बियाणे व खते घेता यावीत, एवढाच तिचा हेतू असतो. गेलेल्या पिकाचे मोल ती भरून देत नाही. हप्ता भरून घ्यावयाचा पीक विमा हा याहून वेगळा विषय आहे.

पूर्वपीठिका

ब्रिटिश काळात रोख मदतीची पद्धत रूढ नव्हती. सारामाफी किंवा तहकुबी, दुष्काळी कामे आणि १८८३ व १८८४ च्या कायद्यांन्वये मिळणारी तगाई कर्जे, असे साहाय्याचे स्वरूप होते. १८९६-९७ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने (स्थापना १८७०) लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने गावोगाव प्रतिनिधी पाठवून दुष्काळ संहितेतील सवलती रयतेस समजावून दिल्या. नियम सरकारचेच होते, तरीही १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली.

कार्यपद्धती

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये स्थापन झालेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून ही मदत दिली जाते. महाराष्ट्रात या निधीत केंद्राचा वाटा ७५ टक्के व राज्याचा २५ टक्के असतो. पिकाचे नुकसान किमान ३३ टक्के असावे लागते. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती. तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक संयुक्तपणे पंचनामा करतात. तहसीलदार याद्या संगणक प्रणालीवर भरतात, शेतकऱ्यास विशिष्ट क्रमांक मिळतो आणि आधार प्रमाणीकरणानंतर रक्कम थेट बँक खात्यात जमा होते.

महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यास अतिवृष्टी मानली जाते. पुणे जिल्ह्यात या निकषाची मर्यादा सहज दिसते. मावळ-मुळशीच्या भातखाचरांना असा पाऊस नवा नाही. शिरूर-दौंडकडील कांद्याची मात्र त्याहून कमी, पण रेंगाळलेल्या पावसानेही नासाडी होते. २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘सततचा पाऊस’ हीदेखील आपत्ती मानण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला; त्यांत पुरंदर, बारामती, शिरूर, दौंड व इंदापूर हे पुणे जिल्ह्यातील तालुके होते.

दर

केंद्राच्या २०२२-२६ च्या निकषांनुसार जिरायत पिकांस हेक्टरी ८,५०० रुपये, बागायत पिकांस १७,००० रुपये व बहुवार्षिक पिकांस २२,५०० रुपये मिळतात. मर्यादा दोन हेक्टरांची आहे. राज्य शासन स्वतंत्र निर्णयाने त्यात वाढ करते, आणि वादाचे मूळ येथेच आहे. जिरायत पिकाचा हेक्टरी दर नोव्हेंबर २०१९ मध्ये राष्ट्रपती राजवटीत ८,००० रुपये, २०२० मध्ये १०,००० रुपये, तर ऑगस्ट २०२२ मध्ये १३,६०० रुपये (तीन हेक्टरांपर्यंत) होता. मे २०२५ मध्ये तो पुन्हा ८,५०० रुपयांवर व दोन हेक्टरांवर आणला गेला. त्यानंतर काही महिन्यांतच राज्यात मोठे पूर आले. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी जाहीर झालेल्या ३१,६२८ कोटी रुपयांच्या पॅकेजमध्ये मर्यादा पुन्हा तीन हेक्टर झाली आणि रब्बीसाठी हेक्टरी १०,००० रुपये जादा धरून जिरायतीस १८,५०० रुपये ठरले. सारख्याच नुकसानीस कोणत्या वर्षी किती रक्कम मिळेल, हे अशा रीतीने पिकावर नव्हे, तर त्या वेळच्या शासन निर्णयावर ठरत आले आहे.

वंचित घटक

मदत सातबारा उताऱ्यावरील नावाने निघते. त्यामुळे तोंडी बोलीवर खंडाने किंवा बटाईने जमीन कसणाऱ्याचा खर्च बुडाला, तरी रक्कम जमीनमालकाच्या खात्यात जाते. वारसनोंद रखडलेली असल्यास प्रत्यक्ष कसणाऱ्या वारसांना, विशेषतः विधवांना, अडचण येते. सामाईक खात्यात सर्व खातेदारांचे संमतीपत्र मागितले जाते. एखादा भाऊ परगावी असला, तरी काम अडते. मजुरी बुडालेल्या शेतमजुरास या अनुदानात स्थान नाही.