कोरड्या मुलखातली खारी टाकी

प्रवाळात राहणारा नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाऊनफिश जेमतेम तीन-चार इंचांचा. त्याला घरात पाळताना खरी अडचण पहिल्यापासून पाण्याचीच राहिली आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, बालाघाटाच्या पठारावर वसलेल्या धाराशिव जिल्ह्यात तर ती दुहेरी होते. इथे खारे पाणी नाही आणि गोडेही पुरेसे नाही.

या छंदाचा उगम व्हिक्टोरियन इंग्लंडमधला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्याच्याशी जोडलेल्या फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाने पुढच्याच वर्षी पुस्तक लिहून काचेच्या टाकीची टूम घरोघरी नेली आणि क्षार मिसळून समुद्राचे पाणी तयार करण्याची कृतीही दिली. मात्र त्या टाक्यांत थंड किनाऱ्यावरचे जीव असत. उष्ण कटिबंधातले प्रवाळमासे विमानवाहतूक आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्यानंतरच दूरवर जिवंत पोहोचू लागले. १९६०च्या दशकात अमेरिकेत तयार सागरी मिठाची पाकिटे विकायला आली आणि किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांनाही हा छंद परवडण्याची शक्यता निर्माण झाली.

महाराष्ट्रात रंगीत समुद्री मासे सर्वसामान्यांना दिसले ते मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात. डी. बी. तारापोरवाला या पारशी दानशूराने दिलेल्या दोन लाख रुपयांच्या देणगीची जोड मिळून, एकूण आठ लाखांच्या खर्चाने, १९५१ साली मरीन ड्राइव्हवर ते उभे राहिले. जागेची निवड अचूक होती, कारण समुद्र रस्त्यापलीकडेच. गावाकडून मुंबई पाहायला आलेल्या माणसाच्या यादीत राणीच्या बागेबरोबर हे मत्स्यालय हमखास असे. २०१५ मध्ये नूतनीकरणानंतर तिथे काचेचा बोगदाही आला. घरात ठेवण्यासाठी मात्र क्रॉफर्ड मार्केटमधून गोल्डफिश, गप्पी, एंजल हे गोड्या पाण्यातले मासेच बहुतेकांच्या पिशवीत पडत.

धाराशिवकडे समुद्राच्या वस्तू यायला लागल्या त्या याच्या कितीतरी आधी. या जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगराहून बैलगाड्यांनी भडोचच्या बंदराला कापड जात असल्याची नोंद आहे. शिवाय किनारी भागातला मालही तगरात येत असे. तुळजापूरची गोष्ट तर त्याहून बोलकी. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या आणि भुत्यांच्या गळ्यातली कवड्यांची माळ ज्या प्राण्याच्या कवचांची असते, तो प्राणी प्रवाळाच्या उथळ पाण्यात राहतो. मालदीवची कवडी शतकानुशतके चलन म्हणून देशभर फिरली आणि इथे देवीचे लेणे झाली. क्लाऊनफिशच्या शेजारघरची वस्तू या जिल्ह्यात अशी केव्हाचीच रुळलेली आहे. कवडीला पाणी लागत नाही, एवढाच काय तो फरक.

२००३ साली ‘फाइंडिंग नेमो’ हा चित्रपट आला आणि हा मासा जगभर ओळखीचा झाला. भारतातले दुकानदारही त्याला सरळ ‘निमो’च म्हणतात. (चित्रपटात आई मेल्यावर बाप पिल्लाला एकट्याने वाढवतो. निसर्गात तसे घडत नाही. जोडीतली मादी मेली की नराचेच रूपांतर मादीत होते.)

देशावर टाकी भरायची तर समुद्र घरीच कालवावा लागतो. दख्खनच्या काळ्या खडकातले बोअरचे पाणी जड असते, म्हणून ते आधी आरओतून काढायचे. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया जाते, आणि टँकरच्या दिवसांत हा हिशेब डोळ्यांत खुपतो. मग लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे शंभर लिटरला साडेतीन किलो सागरी मीठ. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम हे क्षार नसतात. मोटर लावून पाणी रात्रभर फिरते ठेवायचे आणि हायड्रोमीटरचा काटा १.०२५ च्या आसपास आला की काम झाले. तरीही मासा लगेच सोडता येत नाही. माशाने बाहेर टाकलेला अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. घाई करणाऱ्यांचे मासे याच टप्प्यावर दगावतात.

इथला उन्हाळा चाळिशी ओलांडतो, तर टाकीला २५ ते २७ अंश हवे. पाणी उडून जाते, क्षार मात्र मागे राहतात. म्हणून रोज भर घालायची ती गोड्या पाण्याची. वीज गेली की पंप थांबतो, त्यामुळे इन्व्हर्टर हा टाकीचाच भाग ठरतो.

परदेशात अशा टाकीचा आधार म्हणजे जिवंत प्रवाळखडक. भारतात २००१ साली प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले आणि ते काढणे, विकणे गुन्हा झाला. समुद्रघोड्यांनाही तेच संरक्षण मिळाले. इथली टाकी त्यामुळे बहुधा कृत्रिम खडकांवर उभी राहते. २०१७ मध्ये केंद्राने मत्स्यालयांसाठी नियम काढून क्लाऊनफिशसह १५८ जातींच्या प्रदर्शनावर व विक्रीवर बंदी घातली. ओरड झाल्यावर ते नियम मागे घेण्यात आले.

बंदीपेक्षा उपयोगी ठरले ते प्रजनन. क्लाऊनफिशने समुद्रफुलाच्या (सी ॲनिमोनच्या) आडोशाला घातलेल्या अंड्यांची राखण नर करतो आणि आठवडाभरात पिल्ले बाहेर येतात. हे सगळे टाकीतही घडवता येते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला या तंत्रावर काम केले. पुढे महाराष्ट्राच्या कांदळवन कक्षाच्या ऐरोली केंद्रातही क्लाऊनफिशची पैदास सुरू झाली. टाकीत जन्मलेला मासा मुळातच काचेला सरावलेला आणि गोळीखाद्य खाणारा. ऑक्सिजनच्या पिशवीतून, थर्माकोलच्या खोक्यात तो देशावरचा प्रवास जंगली माशापेक्षा बरा सोसतो.

पाण्याचा प्रश्न मात्र या प्रजननानेही सुटत नाही. दर आठवड्याला दहावा हिस्सा बदलावा लागतो. आरओचे टाकाऊ पाणी निदान धुणीभांड्याला वापरता येते, पण टाकीतून काढलेले खारे पाणी कुंडीतल्या तुळशीलाही घालता येत नाही.