निशाण न दिसलेली सूचना

१२ जानेवारी १८८८ रोजीं अमेरिकेंतील डकोटा व नेब्रास्का या प्रदेशांत सकाळची हवा ऊबदार होती. कित्येक मुलें जाड कपड्यांवांचूनच शाळेंत गेलीं. पुढें अकस्मात् हिमवादळ उठलें. पिठासारख्या बर्फानें वाट दिसेना आणि वाऱ्यानें अंगाची ऊब हिरावून नेली. सुमारें २३५ माणसें दगावलीं; त्यांत घरीं परतणारीं मुलें पुष्कळ होतीं.

लष्कराच्या सिग्नल विभागानें शीतलहरीची सूचना काढली होती. परंतु ती तारेनें शहरांत जाई व तेथें निशाण चढे. दूर माळरानावरील शेतकऱ्यास तें दिसावें कसें? सूचना नुसती निघून भागत नाहीं. ती उंबरठ्यापर्यंत पोंचली, आणि बाहेर ऊन असतांहि ऐकणाऱ्यानें मानली, तरच जीव वांचतात.